उंबरा नसलेली न्हाणी

नमस्कार श्रोतेहो.

आज आपण घरातल्या सगळ्यात लहान खोलीबद्दल बोलणार आहोत. न्हाणी म्हणा, मोरी म्हणा, बाथरूम म्हणा. घर बांधताना देवघर कुठल्या दिशेला, बैठक किती मोठी, यावर घरात आठ-आठ दिवस खल होतो. न्हाणीच्या वाट्याला मात्र उरलेला तुकडा येतो. त्यातला अर्धा कोपरा पाण्याच्या हौदाने व्यापलेला, दाराशी चार-पाच इंचांचा उंबरा, वर एक मिणमिणता दिवा. आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस रोज पहाटे, सगळे झोपेत असताना, एकटंच आत जातं आणि आतून कडी लावून घेतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालतं करायचं, हे माझं रोजचं काम. लातूर, परभणी, बीडकडच्या गावांत पेशंटच्या घरी जावं लागतं, त्यामुळे माणूस ज्या जागी पडलं ती जागाही बघायला मिळते. फार वेळा ती जागा न्हाणीच असते. म्हणून आज तुमच्याकडे एकच मागणं घेऊन आले आहे. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर न्हाणीचा उंबरा काढा, हौद बाहेर न्या, फरशी सपाट करून घ्या, बसून आंघोळ करायची सोय करा. आणि हे सगळं ते माणूस हिंडतंफिरतं आहे तोवर करा. पाय मोडल्यावर गवंडी बोलवायची घाई होते, आणि तेव्हा घरात आधीच दवाखान्याची धावपळ चालू असते.

उंबरा म्हटलं तर पाच इंचांचा. पण तो ओलांडताना शरीराला काय काय करावं लागतं बघा. अंगाचा सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो. दुसरा पाय उचलायचा, तर गुडघा झिजलेला, पूर्ण वाकत नाही, मग अंगठा उंबऱ्याला अडकतो. मोतीबिंदू असेल तर उंबऱ्याची कड दिसत नाही, कारण उंबरा आणि फरशी एकाच रंगाची. जुना मधुमेह असेल तर तळपायाची जाणीव कमी झालेली असते, पाय ओल्यात पडला की कोरड्यात हे कळतच नाही. बाहेरच्या उजेडातून आतल्या अंधारात गेल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाय ओल्या फरशीवर पडलेला असतो.

आत गेल्यावर पाटावर बसायचं. पाट दोन-तीन इंच उंच. बसणं कसंबसं जमतं, उठणं अवघड जातं. मांडीच्या स्नायूंत ताकद राहिलेली नसते, म्हणून हात आधार शोधतो. नळ, बादलीचा काठ, हौदाची कड, टॉवेलची दांडी. टॉवेलची दांडी दोन छोट्या स्क्रूंवर उभी असते. ती माणसाचा भार घेत नाही, गिलाव्यासकट हातात येते.

त्यात ऊन पाणी. गरम पाण्याने अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो. अशात एकदम उठलं की रक्त पायांकडे राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी चालू असेल, पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटचं औषध चालू असेल, तर ही अंधारी आणखी लवकर येते. बायकांची हाडं पाळी गेल्यानंतर ठिसूळ होत जातात. मांडीचं हाड जिथे खुब्यात बसतं तिथली मान अशा वेळी साध्या आपटण्यानेही मोडते. आपण म्हणतो, वय झालं म्हणून पडली. वय तर झालेलंच होतं. पण पाट, ओली फरशी, ती दांडी, हे सगळं आपण ठेवलेलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरात कुणी बोलत नाही. भीती बसलेलं माणूस आंघोळ टाळायला लागतं. "आज कणकण आहे," "आज लय गारठा आहे," असं सांगतं. परभणीकडे हिवाळ्यात पारा खरंच खूप खाली जातो, त्यामुळे ते पटतंही. घरचे म्हणतात, आता आळस करतात. ज्या बाईने उभा जन्म आंघोळ झाल्याशिवाय तुळशीला पाणी घातलं नाही, चुलीला हात लावला नाही, ती आळसाने आंघोळ सोडेल का? तिला त्या उंबऱ्याची आणि त्या पाटाची धास्ती आहे. ते ती सांगत नाही, कारण सांगितलं तर उद्यापासून सून आंघोळ घालायला येईल, आणि तिला ते नको आहे. मुलाकडून तर नाहीच नाही. एकटीने, दार लोटून, स्वतःच्या हाताने आंघोळ करता येणं याला म्हातारपणी फार मोठी किंमत असते. सपाट न्हाणी करायची ती याच्यासाठी. हाड वाचतं हे खरं, पण माणसाचा संकोचही वाचतो.

आता हौदाकडे येते. आपल्या मराठवाड्यात न्हाणीतला हौद उगाच आलेला नाही. नळाला पाणी चार दिवसांनी, आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस कोण विसरेल? अशा भागात पाणी साठवू नका असं कुणी कसं म्हणेल? पाणी साठवाच, फक्त न्हाणीत नको. हौदाची भिंत अडीच-तीन फूट उंच. पाणी खाली गेलं की म्हाताऱ्या माणसाला आत ओणवं होऊन तांब्या बुडवावा लागतो, डोकं खाली आणि पाय ओल्यात. शिवाय चार बाय सहाच्या न्हाणीत हौदच दोन-अडीच फूट घेतो. तो फोडला की तेवढीच जागा बसून आंघोळ करायला मिळते. पाणी माळवदावर नव्हे, पक्क्या स्लॅबवर प्लास्टिकच्या टाकीत चढवा, किंवा अंगणात झाकणाचा हौद बांधून तिथून न्हाणीत एक नळ घ्या.

संभाजीनगर, नांदेडकडच्या काही नव्या फ्लॅटमध्ये न्हाणीत टब असतो. त्याचा काठ गुडघ्याएवढा उंच, म्हणजे पाच इंचांच्या उंबऱ्याच्या तिप्पट-चौपट. पण तो काढणं सोयीचं असतं, कारण पाणी जायची वाट तिथे आधीच आहे आणि टबाखालची साधारण पाच बाय अडीच फुटांची जागा बसून न्हायला अगदी पुरते.

मला बरेच जण विचारतात, उंबरा फोडण्याऐवजी त्यावर रॅम्प केला तर? हिशोब करून बघा. चालण्याजोग्या रॅम्पला एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. पाच इंचांच्या उंबऱ्याला पाच फूट झाली, आणि तेवढीच आतल्या बाजूने उतरायला. न्हाणीच सहा फुटांची. त्याहून उभा रॅम्प केला तर ती घसरगुंडी होते, तिच्यापेक्षा उंबरा बरा.

उंबरा काढायचा म्हटलं की गवंडी पहिल्यांदा म्हणतो, "ताई, पाणी घरात येईल." त्याचं बरोबर आहे. उंबरा पाणी अडवतो. तो काढला की ते काम उताराने करायला हवं. सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं, म्हणून जरा सावकाश सांगते. उतार फुटाला पाव इंच. चार फुटांत एक इंच. याहून कमी असेल तर पाणी साचून शेवाळ धरतं. याहून जास्त असेल तर आतली खुर्ची कलते आणि म्हाताऱ्या पायाला तोल सापडत नाही. उतार दारापासून आत, लांबच्या कोपऱ्याकडे. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड, तिथेच बसवायचा. दाराजवळ ट्रॅप ठेवला तर सगळं साबणाचं पाणी पायाखालूनच जाणार. फरशी बसवल्यावर मिस्त्रीला पाणसळ लावून दाखवायला सांगा, आणि एक बादली दाराशी ओतून बघा. पाणी कुठेही न थांबता कोपऱ्यात गेलं पाहिजे. दारात फार तर अर्ध्या इंचाची, घासून गोल केलेली पट्टी चालेल.

गावाकडच्या जमिनीवरच्या घरात हे सोपं आहे. जुना कोबा उकरला की फरशी हवी तेवढी खाली नेता येते. एवढंच आधी बघून घ्या, की बाहेरची नाली किंवा शोषखड्डा नव्या फरशीपेक्षा खाली आहे. तो वर असेल तर पावसाळ्यात पाणी उलटं आत येईल. वरच्या मजल्यावर मात्र घाई करू नका. तिथे स्लॅब खोलगट टाकलेला आहे का, पाईप कुठून गेलेत, हे माहीतगार माणसाकडून बघून घ्यायचं आणि मगच छिन्नी लावायची.

फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर पैसे वाचवू नका. ते कोटिंग भिंतीवरही चढवायचं, जिथे पाणी उडतं तिथे चांगलं वरपर्यंत. मग ट्रॅपला बोळा लावायचा, दाराशी तात्पुरता विटांचा बांध घालायचा, पाणी भरायचं आणि पुरता एक दिवस तसंच ठेवायचं. पातळी उतरली किंवा खालच्या छताला ओल आली तर फरशी बसवायच्या आधीच कळेल. गळती बहुतेक करून ट्रॅपच्या गळ्याशी असते.

फरशी चकचकीत नको. दुकानात सगळं अँटीस्किडच असतं असं सांगतात, म्हणून खोक्यावर आर १० किंवा आर ११ लिहिलंय का ते वाचा, आणि नमुन्याच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतून अनवाणी पाय दाबून बघा. लहान फरश्या चांगल्या, कारण सांधे जास्त आणि पायाला पकड जास्त. आपली शहाबादी फरशीही चांगलीच आहे, फक्त ती खरखरीत ठेवायची, पॉलिश मारायचं नाही. आपलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा पांढरा थर फरशीवर बसतो आणि खरखरीत फरशीही बुळबुळीत होते. आठवड्यातून एकदा खराटा-ब्रशने घासली तर तो जातो. सारखं ॲसिड टाकू नका, त्याने सांधे उकलतात. दिवाळीत घरभर उटणं-तेल लावून आंघोळी होतात, त्या दिवशी म्हाताऱ्या माणसाची आंघोळ सगळ्यात आधी, कोरड्या फरशीवर होऊ द्या.

आता आधाराचा दांडा. हा म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा न्हाणीतला तिसरा पाय. सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच सुटा, म्हणजे मूठ पूर्ण वळते आणि कोपर आत अडकत नाही. उंची पुस्तकात ३३ ते ३६ इंच दिलेली असते. पण आपली म्हातारी माणसं वाकलेली असतात, काही मुळातच ठेंगणी. म्हणून त्यांनाच भिंतीशी उभं करा, चपला काढून, हात सैल सोडून. मनगट जिथे येतं तिथे खडूने खूण करा. खुर्चीवरून उठायला आणखी एक उभा दांडा हवा, ज्या हातात ताकद जास्त त्या बाजूला. अर्धांगवायू होऊन गेलेला असेल तर हे फार महत्त्वाचं. दांड्याचा रंग भिंतीहून वेगळा असावा. पांढऱ्या टाईल्सवर पांढरा दांडा मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसत नाही. दुकानात रबरी चकती दाबून चिकटवायचे दांडे मिळतात. त्यांवर कधीही भार टाकू नका, ओल्या भिंतीवरून ते न सांगता सुटतात.

विटेची भिंत असेल तर खिट्टी टाईलच्या पार, विटेत खोल गेली पाहिजे. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधी खिट्टी धरत नाही, तिथे केमिकल भरून बोल्ट बसवावे लागतात. आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी माळवदाची घरं आहेत, दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंतींची. भिंत दिसते भक्कम, पण मातीत बोल्ट धरत नाही. अशा घरात भिंतीचा नाद सोडा. दीड इंची लोखंडी पाईप घ्या, त्याची उलट्या यू आकाराची कमान करा, आणि दोन्ही पाय दीड-दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीटने भरून घ्या. काँक्रीट चांगलं आवळल्यावर बसवणाऱ्या मिस्त्रीला तुमच्यासमोर त्यावर पूर्ण भार टाकायला सांगा. धडधाकट माणसाच्या ओढण्याने हलला, तर तो दांडा नाही.

बसायला साधी प्लास्टिकची खुर्ची नको. ओल्यात तिचे पाय फाकतात. सर्जिकलच्या दुकानात ॲल्युमिनियमचं, रबरी बुटांचं आंघोळीचं स्टूल मिळतं, पाय खालीवर करता येतात. उंची साधारण १७ ते १८ इंच; बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. परवडत असेल तर सिमेंटचा पक्का ओटा करा. कपडे बदलणंही इथेच, बसून. नऊवारी नेसणाऱ्या आज्या अंगावरच्या लुगड्यानेच न्हातात, ओलं लुगडं पायात येतं, आणि एका पायावर उभं राहून ते बदलताना तोल जातो. म्हणून कोरडं लुगडं, धोतर, टॉवेल, सगळं बसल्या हाताला येईल अशा खुंटीवर हवं.

शॉवरचं म्हणाल, तर तो सगळ्यात शेवटी. सपाट न्हाणीला शॉवर लागतोच असं नाही. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओततो, पाच मिनिटांत दोन-अडीच बादल्या. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याने हे का करावं? नळीचा, हातात धरायचा, बटन दाबून बंद होणारा शॉवर घेतला तर साबण लावताना पाणी थांबवता येतं आणि बसल्या बसल्या बादलीभर पाण्यात आंघोळ होते. मात्र टाकी डोक्यावर जेमतेम सात-आठ फुटांवर असेल तर त्याला जोर येत नाही. मग बादलीच बरी. बादली खुर्चीच्या उंचीच्या ओट्यावर ठेवा, नळ बरोबर तिच्यावर घ्या, म्हणजे भरलेली बादली कुणाला उचलावी लागणार नाही आणि वाकावंही लागणार नाही.

पाण्याच्या उष्णतेबद्दल थोडं सांगते. सोलरचं पाणी आपल्या उन्हात सहज साठ अंशांच्या वर जातं, आणि साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. म्हणून बादलीत आधी गार, मग ऊन. गिझरची कळ पन्नास अंशांच्या खालीच ठेवा. बंब वापरत असाल तर तो न्हाणीच्या बाहेर पेटवा. बादलीत सोडायचा विजेचा रॉड वयस्कर माणसाच्या न्हाणीत नकोच. आणि घराच्या वीजबोर्डात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप बंद होणारं बटण, बसवून घ्या. ओल्या हाताला बसलेला झटका जिवावर बेतायच्या आत ते वीज तोडतं.

दार बाहेर उघडणारं हवं. माणूस आत पडलं आणि दार आत उघडणारं असेल, तर त्याचंच अंग दाराला अडतं आणि मदत करणारे बाहेर खोळंबतात. कडी बाहेरूनही काढता येईल अशी. दिव्याचं बटण दाराबाहेर, उजेड पांढरा आणि भरपूर.

ज्यांचं घर भाड्याचं आहे त्यांना तोडफोड करता येत नाही. त्यांनी निदान स्टूल, उंबऱ्याजवळ एक पक्का उभा पाईप आणि बाहेरून एक रुंद पायरी एवढं करावं, म्हणजे एका पाच इंचांच्या चढाचे दोन अडीच-अडीच इंचांचे चढ होतात. राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी ती आहे. त्यात एकदाच ३,००० रुपये मिळतात, आणि कमोड खुर्ची, वॉकर, काठी यांसाठी ते वापरता येतात. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाईनवरही माहिती मिळते.

आणि हे सगळं ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारल्याशिवाय काम काढू नका. "माझ्यापायी कशाला एवढा खर्च? माझे राहिलेत किती दिवस?" असं उत्तर येईल. तेव्हा वाद घालू नका. त्यांच्याबरोबर न्हाणीत जा, आणि कपड्यांनिशी, कोरड्या फरशीवर, ते रोज कसे आत जातात, कुठे हात टाकतात, कुठल्या बाजूने वळतात, ते करून दाखवायला सांगा. टाईलवर रोजच्या हाताचे डाग असतात. तो हात जिथे जातो तिथेच दांडा हवा. काम चालू असेपर्यंत त्यांच्या आंघोळीची सोय अंगणात आडोसा करून, नाहीतर शेजारी आधीच ठरवून ठेवा. तेवढे दिवस आंघोळ नाही म्हटलं तर कामालाच नकार येतो.

काम झाल्यावर फरशीला पाणी लावायच्या आधी एकदा कोरड्यातच आत जाऊन, बसून, उठून बघू द्या. पहिले काही दिवस दाराबाहेर कुणीतरी थांबा, नुसतं हाकेच्या अंतरावर. दांडा चार बोटं खाली हवा होता असं आता त्यांच्या लक्षात येईल. मग तो खाली घ्या. जुनी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजतात.

नमस्कार.